देवाचा पलंग

(वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



सुरुवातीलाच एक मुभा देऊन टाकतो. मी बोलत असताना ज्यांना झोप येईल त्यांनी खुशाल झोपावं. हा विनय नाही, याला आधार आहे. दासबोधाच्या अठराव्या दशकातला नववा समास निद्रानिरूपणाचा आहे आणि त्याला लागूनच दहावा येतो तो श्रोत्यांच्या अवलक्षणांचा. हे दोन समास शेजारी शेजारी पडले, तो योगायोग मला वाटत नाही. निरूपण करताना समोर डुलणाऱ्या माना समर्थांनी पुष्कळ पाहिल्या असणार. निद्रेच्या त्या समासात दात खाणारे आहेत, हातपाय पसरणारे आहेत, ज्यांची मुंडाशी सुटून घरंगळली आहेत असे आहेत. वाचताना वाटतं, हा माणूस रात्री हातात दिवा घेऊन धर्मशाळेतून एक फेरी मारून आला आणि मग लिहायला बसला. राग त्यात फारसा नाही, गंमतच जास्त आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना सगळं गाव नुसतं ‘गुरुजी’ म्हणायचं. मीही तसंच म्हणतो. त्यांचा विषय गणित, पण आमच्या पिढीला ते आठवतात पावत्यांसाठी. छत्री घ्या, स्टोव्हची पिन घ्या, गुरुजी भेटले की पहिला प्रश्न, “पावती घेतलीस का?” मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली आणि काही कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचं सामान एकदम मागवायची तिची पद्धत गुरुजींच्या कानावर आली. त्यांनी लगेच आमच्या आळीतल्या नऊ घरांचा तसाच गट केला. तूरडाळ ओसरीवर ओतून, खडे निवडून, त्या खड्यांचं वजन करून ते वाण्याला दाखवायला नेत. हाच माणूस पहाटे साडेचारला काकड्याला उभा असायचा. तिथे कधी कसलं वजन केलं नाही.

समितीने विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, देव, खरेदी आणि झोप. चिटणीस म्हणाले, “व्याख्यान एकच आहे हं.” म्हटलं, विषयही एकच आहे. या तिन्हीत माणूस डोळे मिटतो. कुठे मिटावेत आणि कुठे टक्क उघडे ठेवावेत, एवढंच बोलायचं आहे. मतं माझी आहेत, धर्मशास्त्राचा माझा अधिकार नाही.

देवापासून सुरू करतो. जगातल्या अनेक धर्मांत देव कधी झोपत नाही, डुलकीसुद्धा घेत नाही, असं ठासून सांगितलेलं आहे. आपल्याकडे उलट आहे. आपला देव झोपतो, आणि त्याची झोप हा आपल्या पंचांगाचा कणा आहे. आषाढ शुद्ध एकादशीला तो झोपी जातो, ती शयनी. कार्तिक शुद्ध एकादशीला उठतो, ती प्रबोधिनी. आणि मध्ये भाद्रपद शुद्ध एकादशी येते, तिचं नाव परिवर्तिनी, कारण त्या दिवशी शेषावर झोपलेला विष्णू कूस बदलतो! मला ही एकादशी फार आवडते. चार महिने एका कुशीवर झोपलं की अंग अवघडतं, हे ज्याला सुचलं त्याने देवाकडे पुजाऱ्याच्या नजरेने पाहिलेलं नाही. आजारी माणसाची उशी नीट करणाऱ्या बाईच्या नजरेने पाहिलं आहे.

तुळजापूरला तर झोपेचे प्रकार आहेत. भवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे ती जागेवरून हलवून पलंगावर निजवता येते. नवरात्राआधी भाद्रपद वद्य अष्टमीपासून घोर निद्रा. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की कोजागरीपर्यंत श्रम निद्रा, कारण लढून दमलेली असते. आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. श्रम निद्रेचा पलंग अहिल्यानगरकडून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडून, वाजतगाजत येतो. एखाद्या बाईला वर्षातून तीनदा अशी हक्काची, कोणी न उठवणारी झोप मिळावी, ही कल्पना आपल्या समाजाने फक्त देवीच्या बाबतीत अंमलात आणली. घरातल्या बाईच्या बाबतीत ते जमलं नाही, पण तो विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे.

आणि आता पंढरपूर. इथे मी जरा थांबणार आहे.

एरवी विठोबाची रोज रात्री शेजारती होते, शेजघरात पलंग असतो. पण आषाढी वारी जवळ आली की हा पलंग काढतात. ‘देवाचा पलंग निघाला’ असंच म्हणतात. मग चोवीस तास दर्शन सुरू. देवाच्या पाठीला कापसाचा मऊ लोड लावतात, रुक्मिणीला तक्क्या देतात. सारखं उभं राहून पाठ दुखेल म्हणून टेकायला तेवढाच आधार. यात्रा ओसरली की प्रक्षाळपूजा होते. देवाचा शिणवटा जावा म्हणून गरम पाण्याने स्नान, रात्री औषधी काढा, आणि मग पलंग परत आत.

आता यातली गोम पाहा. पंचांग म्हणतं, आषाढी एकादशीला विष्णू झोपतो. आणि त्याच एकादशीला, त्याच विष्णूचं रूप म्हणून ज्याला आपण पुजतो, तो पंढरपुरात टक्क जागा असतो, कारण त्याचा पलंगच काढून ठेवलेला असतो. शास्त्राने दिलेली झोप लोकांनी काढून घेतली म्हणा, किंवा देवाने सोडली म्हणा. अडीचशे किलोमीटर चालून आलेला माणूस रात्री तीन वाजता दारात उभा आहे, आणि आपण झोपलोय, हे त्या देवाला शोभणार नाही, असं कुणीतरी कधीतरी ठरवलं. या निर्णयावर कुणाची सही नाही. मला तो आपल्या धर्मविचारातला फार मोठा निर्णय वाटतो.

माझी आत्या एकवीस वर्षं आळंदीहून वारीला गेली. घरी तिला झोप नव्हती. रात्री दोन-दोनदा उठून दाराची कडी बघायची, गॅस बघायची, मुलगा आला का बघायची. वारीत मात्र दिंडीच्या राहुटीत, खाली ताडपत्री, तिच्यावर गोधडी, उशाला कपड्यांचं बोचकं, आणि दोन्ही बाजूंना घोरणाऱ्या बायका, अशी पडली की दोन मिनिटांत गाढ. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा, सगळ्या वाटेतला लांबलचक. त्या रात्री तर जेवतानाच डोळे मिटायचे म्हणे. मी तिला म्हटलं, “आत्या, दमल्यावर कुणालाही झोप लागते, त्यात विठोबाचं काय?” ती म्हणाली, “दमते तर मी घरीपण. तिथं तो जागा असतो ना, म्हणून मी झोपते.”

देव आहे की नाही, या प्रश्नावर मी आयुष्यभर कुंपणावर बसलोय. घरात सत्यनारायण असला की शिऱ्यापुरता आस्तिक, आणि मित्रांत वाद निघाला की नास्तिक. पण आत्याच्या उत्तरापुढे मला आजवर काही सुचलेलं नाही. झोप ही सोपवायची गोष्ट आहे. आठ तास तुम्ही घर, पैसा, देह, सगळं वाऱ्यावर टाकून निघून जाता. कोणीतरी जागं आहे एवढा भरवसा असल्याशिवाय माणूस ते करू शकत नाही. लहानपणी आई जागी असते. जुन्या गावगाड्यात जागल्या असायचा. तो जागा, म्हणून पाटील झोपायचा, आणि त्या जागण्याचं मोल गावाने त्याला कधीच नीट दिलं नाही, हेही इथेच सांगून टाकलं पाहिजे. पुढे शहरात गुरखा आला, त्याची शिट्टी आणि काठी. आता सोसायटीच्या फाटकावर कॅमेरा जागा असतो. ज्यांना यातलं काही पुरत नाही, त्यांच्यासाठी विठोबा. श्रद्धेचा हा उपयोग मला पटतो. तिच्याकडून मी याहून जास्त काही मागत नाही, आणि याहून जास्त काही देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभा राहत नाही.

आता बाजारात येऊ. झोपेशी बाजाराचा संबंध पूर्वी गादीपुरता होता.

माझ्या लहानपणी दिवाळीनंतर पिंजारी यायचा. खांद्यावर माणसाएवढी पिंजण, तिची ताणलेली तार आणि हातात लाकडी ठोकळा. अंगणात जुन्या गाद्या उसवायच्या, गठ्ठे झालेला कापूस बाहेर ओतायचा, आणि मग तो तारेचा टंग-टंग आवाज दिवसभर. दगडासारखे गोळे त्या तारेवर फुटून ढगासारखे व्हायचे. आम्ही पोरं नाकातोंडात कापूस घेऊन पांढऱ्या भुवयांनी शाळेत जायचो. आजी उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसायची. काम बघायला नव्हे, कापूस बघायला. आपला चांगला कापूस पिंजाऱ्याच्या गाठोड्यात आणि त्याचा मळका आपल्या गादीत, असा तिचा कायमचा संशय. तो बिचारा हसायचा, म्हणायचा, “आई, तुम्ही बसा, तुम्ही बसलात की माझा हात चांगला चालतो.” मग पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडात कापूस भरायचा, काठीने थापून सारखा करायचा आणि दाभणाने टाके घालायचे. त्या रात्री गादीवर झोपलं की उन्हाचा वास यायचा.

या व्यवहाराकडे ग्राहक म्हणून पाहा. माल डोळ्यांदेखत उघडला, डोळ्यांदेखत तोलला, डोळ्यांदेखत भरला. गादीच्या आत काय आहे याबद्दल श्रद्धा ठेवायची गरजच नव्हती. पावती नव्हती, कारण पावतीच्या जागी आजी बसली होती.

फोम आला आणि आतलं दिसेनासं झालं. गादी कारखान्यातून शिवून, वर प्लास्टिक चढवून येऊ लागली. आत काय आहे ते कागदावर वाचायचं. मग कागदावरचे शब्द वाढू लागले. गादी नुसती मऊ किंवा कडक राहिली नाही, ती ‘ऑर्थो’ झाली, ‘मेमरी’ झाली, तिच्यात चांदी आली, कोरफड आली. आमच्या पिढीचा एक ठाम समज होता, पाठ दुखते ना, मग जेवढं कडक तेवढं चांगलं, फळीवर झोपा. डॉक्टरही तसंच सांगायचे. २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना कुणाला कोणती ते न सांगता कडक किंवा मध्यम कडक गादी दिली आणि ९० दिवसांनी विचारलं. मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं. म्हणजे आपल्या पाठीबद्दलचं आपलं मतसुद्धा बरंचसं ऐकीव असतं. मी अकरा वर्षं फळीवर झोपलो आहे. त्याची भरपाई कुठे मागू?

पण मला ज्या गादीबद्दल सांगायचं आहे ती फोमची नव्हती. ती चुंबकाची होती.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. वडील निवृत्त झालेले, आई नुकतीच गेलेली, झोप उडालेली. आमच्या भाच्याचा साडू एका रविवारी आला आणि त्यांना तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात ‘मीटिंग’ला घेऊन गेला. सोबत मीही होतो. आत शिरलो तर अगदी सप्त्याचं वातावरण. आधी टाळ्या. मग एकेक जण उठून आपली कहाणी सांगतो, माझा गुडघा असा होता, माझी साखर तशी होती, गादी घेतली आणि आता मी पर्वती चढतो. प्रत्येक कहाणीनंतर पुन्हा टाळ्या. मग सूटबूटवाले मुख्य वक्ते उभे राहिले. त्यांनी सांगितलं, रक्तात लोह असतं, लोहाला चुंबक ओढतो, म्हणून चुंबकाच्या गादीवर झोपलं की रक्त आपोआप फिरतं. माझ्या शेजारचे निवृत्त फौजदार वहीत उतरून घेत होते. आता, रक्तातलं लोह हे खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. तसं वागतं तर एमआरआयच्या प्रचंड चुंबकात शिरलेला माणूस जिवंत बाहेर आला नसता. पण हे मला त्या दिवशी बोलता आलं नाही, कारण वडील टाळ्या वाजवत होते. आई गेल्यापासून प्रथमच मी त्यांना टाळ्या वाजवताना पाहिलं.

गादी २८,००० रुपयांना आली. पेन्शनीचे पाच महिने.

आणि खरं सांगतो, वडील झोपू लागले. पहिले दोन महिने मस्त झोपले. सकाळी उठून मला म्हणायचे, “बघ, तुम्ही सायन्सवाले.” २००७ साली अशा स्थिर चुंबकांवरच्या चाचण्या एकत्र तपासून डॉक्टरांनी लिहिलं की वेदना कमी व्हायला त्यांचा उपयोग होतो याला पुरावा सापडत नाही. मी ते वाचलं तेव्हा वडील नव्हते. असते तरी मी त्यांना ते दाखवलं असतं का, मला माहीत नाही. त्यांना त्या दोन महिन्यांत जी झोप लागली ती खोटी नव्हती. एवढी माणसं बरी झाली, एवढ्या लोकांनी आपलं नाव घेऊन विचारपूस केली, आता आपल्याकडेही कुणाचं तरी लक्ष आहे, या भरवशावर ते झोपले. आत्या विठोबाच्या भरवशावर झोपायची, तसंच. फरक कुठे आहे, हे मला पुष्कळ दिवस कळेना.

तो गुरुजींनी दाखवला. तिसऱ्या महिन्यात वडिलांची झोप पुन्हा उडाली आणि साडू महाशय “तुमच्याखाली अजून चार माणसं जोडा” म्हणून मागे लागले, तेव्हा मी गुरुजींकडे गेलो. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. पावती होती. गुरुजींनी चष्मा वर करून ती वाचली. तीवर लिहिलं होतं, ‘गादी, नग १’. बस. गुडघा नाही, साखर नाही, रक्त नाही, झोपसुद्धा नाही. गुरुजी म्हणाले, “बघ, तोंडाने दिलेलं एकही औषध कागदावर आलेलं नाही.”

आत्याने विठोबाला काही दिलं तर ते परत मागायचा प्रश्न नव्हता, कारण विठोबाने किंमत लावली नव्हती. त्या मंगल कार्यालयातल्या लोकांनी देवळाची सगळी रीत उचलली होती. टाळ्या, अनुभवकथन, कंठ दाटून येणं, तुमच्यावर विश्वास आहे ना आमचा, वगैरे. फक्त शेवटी किंमत लावली. आणि पावती मागितली की पुन्हा श्रद्धा दाखवली. माझं मत यावर पक्कं झालं आहे. श्रद्धेची पावती मागू नये, आणि पावती मागितल्यावर जो श्रद्धा पुढे करतो, त्याच्याकडून रुमालसुद्धा घेऊ नये.

वडिलांनी तक्रार करू दिली नाही. “नात्यातला आहे,” म्हणाले. आपल्याकडच्या कितीतरी फसवणुकी या एका वाक्याखाली झाकल्या जातात. तेव्हा १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा होता. आता २०१९ चा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या काही गोष्टी गुरुजींना आवडल्या असत्या, म्हणून सांगतो. माल कुठूनही घेतलेला असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. वकील लागतोच असं नाही. आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करायला आता केंद्रीय प्राधिकरण आहे. पण मंगल कार्यालयात तोंडाने केलेली जाहिरात कुणी टिपून ठेवायची? खिशातला फोन तेवढ्यासाठी सुरू ठेवत जा.

आजकालची गादी तर दुकानातही जाऊन घ्यावी लागत नाही. मागच्या वर्षी मी फोनवरून मागवली. शंभर रात्री झोपून पाहा, नाही आवडली तर परत, अशी हमी होती. मला ही कल्पना पटली होती, कारण दुकानात चप्पल काढून, विक्रेत्यासमोर पाच मिनिटं छताकडे बघत पडल्याने कुणाला काय कळणार? गादी आली ती खोक्यात गुंडाळून, हवा काढून चपटी केलेली. प्लास्टिक कापलं आणि ती समोर फुगत गेली, जणू दीर्घ श्वास घेतला. चाळिसाव्या रात्री मी हमीचा कागद काढून कंपनीला फोन केला. तिकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं, “सर, मूळ खोक्यात भरून ठेवा, माणूस येईल.” म्हटलं, बाई, तुम्ही कारखान्यात यंत्राने दाबून भरलेली वस्तू मी आणि माझी बायको गुडघ्याने दाबून कशी भरणार? त्यावर ती म्हणाली, “तुमची तक्रार आम्ही नोंदवली आहे.” साठ रात्री ही नोंद चालू राहिली. मग शंभर रात्री संपल्या.

आता शेवटचा भाग, आणि तो सगळ्यांत अवघड, कारण यात गुन्हेगार मीही आहे. विशीत मी आमच्या गणेशोत्सव मंडळाचा स्पीकरवाला होतो. देवळाच्या शिखराला कर्णा बांधून पहाटे पाचला भक्तिगीतांची तबकडी लावायचा मान माझा. अख्खं गाव आपण उठवतो याचा त्या वयात केवढा अभिमान. चौथ्या दिवशी खालच्या आळीतल्या एक म्हाताऱ्या आजी काठी टेकत आल्या. मला वाटलं, गाण्याची फर्माईश आहे. त्या मांडवाच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बाळा, देव उठला रे. आता पुरे.”

मी आवाज कमी केला नाही. आजी गेल्यावर पोरं हसली, मीही हसलो.

आता मी त्या आजींच्या वयाला पोचतो आहे आणि माझ्या खिडकीखाली बेस वाजतो. पूर्वीचा कर्णा निदान कानात शिरायचा, हा छातीत शिरतो, खिडकीची तावदानं थरथरतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस मध्यरात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चेन्नईच्या एका चर्चच्या खटल्यात सांगितलं की इतरांची शांतता मोडून, ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करा असं कोणताच धर्म सांगत नाही. जुलै २००५ चा मोठा निकाल ज्या अर्जावरून सुरू झाला, त्यात दिल्लीतल्या एका तेरा वर्षांच्या मुलीचा उल्लेख होता. तिच्यावर अत्याचार होत होता आणि तिच्या किंकाळ्या भोंग्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेल्या नाहीत. २०१२ मध्ये, रात्री मैदानात झोपलेल्या लोकांवर पोलिसांनी केलेल्या कारवाईच्या प्रकरणात, झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असं न्यायालयाने म्हटलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं की ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, आणि तक्रार करणाऱ्याची ओळख न विचारता पोलिसांनी कारवाई करावी. हे शेवटचं ज्या न्यायमूर्तींना सुचलं, त्यांना आळीत राहण्याचा अनुभव असणार. आपल्याकडे आवाजाची तक्रार करायला कान लागत नाहीत, छाती लागते.

मी एकदा केली होती. पोलिसांनी माझ्या नावासकट ती मंडळाला कळवली. दुसऱ्या दिवशी पोरं आली, नम्रपणे उभी राहिली, आणि त्यांच्यातला एक म्हणाला, “काका, तुमची श्रद्धा नाही का?” वर्गणीची पावती माझ्या टेबलावर होती. ५०१ रुपये. म्हणजे पैसे मीच दिलेले, पावती मंडळाने दिलेली, माल म्हणजे मध्यरात्रीपर्यंतचा धडधडाट, आणि तक्रार केली की पुन्हा श्रद्धा. मला मंगल कार्यालय आठवलं.

भोंगा कुणाच्या शिखरावर आहे आणि कुणाच्या मिनारावर, याने मला फरक पडत नाही. झोपमोड सगळ्यांची सारखीच होते. जागरणाला माझा विरोध नाही. खंडोबाचं जागरण, एकादशीचं जागरण, कोजागरीला ‘कोण जागं आहे’ विचारत फिरणारी लक्ष्मी, या सगळ्यात जागायचं ते भक्ताने, स्वतःच्या खुशीने. पंढरपुरात तर देव भक्तांसाठी जागतो. शेजाऱ्याची झोप काढून ती देवाला वाहायची रीत मला कुठल्याच पोथीत सापडलेली नाही, आणि ज्याचा शीण जावा म्हणून आपण काढा करतो, तो देव असलं काही स्वीकारत असेल असं मला वाटत नाही. मी कुंपणावरचा माणूस आहे. पण कुंपणावरून एवढं दिसतं.

मी आत्याला एकदा विचारलं होतं, प्रक्षाळपूजा झाली, देव काढा घेऊन झोपला, मग त्या रात्री तुझ्यासाठी कोण जागं? ती तेव्हा गोधडीला ठिगळ लावत होती. म्हणाली, “त्या रात्री मी एस्टीत असते बाबा. ड्रायव्हर जागा असतो.”

आत्या गेली. ती गोधडी आता माझ्याकडे आहे आणि परत न गेलेल्या त्या गादीवर मी ती अंथरतो. मधल्या काळात वडिलांची चुंबकाची गादी उसवली. पिंजारी आता आमच्याकडे येत नाही, म्हणून मीच उसवली. आत साधा फोम होता आणि कापडी खिशांत शिवलेल्या काळ्या चकत्या. त्यातल्या दोन आमच्या फ्रिजच्या दारावर आहेत. विजेचं बिल चांगलं धरून ठेवतात.